ओळख ना पाळख, तरी काम पक्कं!

टेक्सासमधला दुकानदार साताऱ्यातल्या मुलीला लोगो करायला देतो. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं, मधे ओळखीचं कुणी नसतं. तरी पैसे भरले जातात, काम होतं आणि दोघंही खूश! ऑक्सफर्ड इंटरनेट इन्स्टिट्यूटच्या २०१७ च्या आकडेवारीनुसार जगभरात असं ऑनलाइन काम करणाऱ्यांत साधारण चौथा हिस्सा भारतीयांचा होता, म्हणजे पहिला नंबर आपलाच. या सगळ्या व्यवहारात दोघांच्या मधे असतं ते एक प्रोफाइल: फोटो, चार ओळी, कामाचे नमुने आणि लोकांनी दिलेले तारे. एवढ्याशा पानावर अनोळखी माणसाचा भरवसा बसतो कसा, याचे भारी किस्से आणि त्याहून भारी प्रयोग आहेत. फ्रीलान्सिंग करणाऱ्यांनी ते माहीत करून घ्यावेतच.

दोन ग्रीक मित्र आणि एक प्रश्न

ओडिसियस त्सातालोस अमेरिकेत, त्याचा मित्र स्ट्रॅटिस कारामानलाकिस ग्रीसमध्ये. दोघांना एकत्र काम करायचं होतं. पण हजारो मैलांवरचा माणूस खरंच काम करतोय की नाही, हे कळायचं कसं? त्या प्रश्नावर त्यांनी जी तोड काढली, तिचीच २००३ मध्ये ऑनलाइन काम जुळवून देणारी ओडेस्क कंपनी झाली. तिच्या आधीपासून ईलान्स नावाची अशीच एक कंपनी होती. टॉमस मेलोन आणि रॉबर्ट लाउबाकर यांनी १९९८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या लेखावरून तिचं नाव ठेवलेलं. पुढे दोन्ही एकत्र आल्या आणि २०१५ मध्ये बारसं झालं, अपवर्क!

ओडेस्कची ती तोड अपवर्कवर आजही चालू आहे. तिचं नाव वर्क डायरी. ताशी दराचं काम करताना दर दहा मिनिटांत एकदा स्क्रीनचा फोटो निघतो, आणि तो नेमका कधी निघेल ते आधी कळत नाही. कळा किती वेळा दाबल्या, माऊस किती वेळा क्लिक केला, याचीही नोंद होते. अनेकांना हे जाचक वाटतं आणि त्यात चूक काही नाही. पण याच नोंदीमुळे क्लायंटने ऐनवेळी हात वर केले तरी केलेल्या तासांचे पैसे सुरक्षित राहतात. तिथला आठवडा संपतो जागतिक प्रमाणवेळेनुसार रविवारी मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. रविवारी रात्री बसून केलेलं काम नव्या आठवड्यात गेलं असेल असं समजू नका!

पापणी लवायच्या आत

आता प्रोफाइलवरच्या फोटोचं बघू. प्रिन्स्टन विद्यापीठात जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ मध्ये लोकांना अनोळखी चेहरे दाखवले, तेही सेकंदाच्या दहाव्या भागापुरते. तेवढ्यात लोकांनी मत बनवलं. हवा तेवढा वेळ दिल्यावर जे मत होतं, त्याच्याशी हे झटपट मत बऱ्यापैकी जुळलं. आणि सगळ्यात जास्त कुठे जुळलं? ‘हा माणूस विश्वासू वाटतो का’ या प्रश्नावर.

इस्रायली संशोधकांनी एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या साइटवरची स्टॉकहोममधली घरं तपासली. ज्या यजमानाचा फोटो लोकांना विश्वासू वाटत होता, त्याच्या घराला भाडं जास्त होतं. घर तर घर, पण बघणारा चेहराही बघतोच.

हे न्याय्य आहे का? मुळीच नाही. चेहऱ्यावरून कुणाचं काम कळत नाही. पण फोटोपुरती गोष्ट आपल्या हातात असते. खिडकीच्या उजेडात, सरळ बघत, एकट्याचा काढलेला फोटो लावा. लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर कुणाचा तरी हात दिसणारा फोटो आजच काढून टाका.

९५२ जणांना लागलेली लॉटरी

हा किस्सा माझा सगळ्यात लाडका. नव्या माणसाला काम मिळत नाही, कारण त्याला अनुभव नाही. आणि अनुभव मिळत नाही, कारण काम मिळत नाही. हे दुष्टचक्र ठाऊक सगळ्यांनाच आहे. हार्वर्डच्या अर्थशास्त्रज्ञ अमांडा पॅले यांनी ते मोजून बघायचं ठरवलं. त्यांनी ओडेस्कवर डेटा एन्ट्रीचं काम जाहीर केलं, अर्ज मागवले आणि अर्जदारांतून ९५२ जणांना चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून काम दिलं. हुशार बघून निवडले असते तर पुढचं यश हुशारीचं की संधीचं, हे कळलं नसतं. म्हणून ही सोडत! काम झाल्यावर काहींना मोघम शेरा दिला, काहींना सविस्तर.

निकाल २०१४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’त छापून आला. ज्यांना हे एक छोटंसं काम मिळालं, त्यांना पुढे काम न मिळालेल्या अर्जदारांपेक्षा कितीतरी चांगल्या संधी मिळाल्या. सविस्तर शेऱ्यानेही फरक पडला. माणसं तीच, कौशल्यही तेच. बदललं होतं एवढंच, की त्यांच्याबद्दल आता कुणीतरी जाहीरपणे काही सांगितलं होतं.

म्हणून पहिलं काम छोटं घ्या, नक्की जमेल असंच घ्या आणि वेळेआधी द्या. मात्र ‘अभिप्रायासाठी एक काम फुकट करून टाक’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो घेऊ नका. अपवर्कच्या नियमांत फुकट काम मागायलाच मनाई आहे. नवखं असणं म्हणजे फुकट राबणं नव्हे.

जुनी पोस्टकार्डं, नवी नावं

ताऱ्यांची आणि शेऱ्यांची ही रीत रुजवली ईबेने. १९९५ मध्ये ही लिलावाची साइट सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे विक्रेत्यांबद्दल अभिप्राय लिहायची सोय आली. त्या नावलौकिकाची रोख किंमत किती, हे पॉल रेझनिक आणि सहकाऱ्यांनी एका खऱ्याखुऱ्या विक्रेत्याला हाताशी धरून काढलं. जुनी पोस्टकार्डं विकणारा मुरलेला माणूस. त्याने एकसारखा माल दोन प्रकारे विकायला ठेवला: काही स्वतःच्या नावाजलेल्या खात्यावरून, काही कोऱ्या नव्या खात्यांवरून. जुन्या नावाला गिऱ्हाईक ८.१ टक्के जास्त मोजायला तयार होतं!

याच प्रयोगात नवख्यांना धीर देणारी आणखी एक गोष्ट निघाली. नव्या खात्यांपैकी ज्यांच्यावर एखाददुसरा वाईट शेरा होता, त्यांना त्यापायी कमी भाव मिळाला असं दिसलं नाही. तेव्हा एक तिखट शेरा आला म्हणून खातं बंद करून रडत बसू नका. खाली शांतपणे उत्तर लिहा: काय झालं, काय दुरुस्त केलं.

पाचपैकी पाच जरा जास्तच होतात

नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल रिसर्च सेंटरने ऑनलाइन खरेदीचा अभ्यास केला. वस्तू विकली जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त कधी? सरासरी ४ ते ४.७ ताऱ्यांच्या दरम्यान. पाचाच्या जवळ गेलं की ती उलट घसरते. हा अभ्यास वस्तूंचा आहे, माणसांचा नाही. पण अति गोड कौतुकाने वाचणारा सावध होतो, हे माणसांनाही लागू पडावं असं मला वाटतं.

अपवर्कवर क्लायंट ताऱ्यांशिवाय खासगी मतही देतो. ते फ्रीलान्सरला दिसत नाही, पण जॉब सक्सेस स्कोअर या टक्क्यांतल्या गुणांकनात धरलं जातं. स्कोअर ९० टक्के किंवा त्याहून जास्त टिकला आणि बाकीच्या अटी पुऱ्या झाल्या, की टॉप रेटेडचा बिल्ला. पाच तारे मिळूनही स्कोअर का घसरला, या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा याच खासगी मतात असतं.

दोन ओळी, दोन नशिबं

क्लायंट माणूस शोधतो तेव्हा यादीत तुमच्या परिचयाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. बाकीचं क्लिक केल्यावर. आता हे बघा:

‘मी मेहनती, प्रामाणिक आणि वेळेची पक्की आहे. कोणतंही काम आनंदाने करते.’

‘शेतीच्या औषधांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत करते. मात्रा, फवारणीचं प्रमाण आणि धोक्याच्या सूचना शेवटी वेगळ्या तपासून देते.’

पहिली ओळ हजारो जणांची असू शकते. दुसरीत क्लायंटची नेमकी भीती ओळखलेली आहे: प्रमाण चुकलं तर शेतकऱ्याचं पीक जाईल. ‘प्रामाणिक’ हा शब्दही न वापरता लिहिणारीचा प्रामाणिकपणा कळतो. सोबत जुन्या कामाचा एक नमुना जोडला, तर मग बघायलाच नको. नमुना दाखवायला मूळ क्लायंटची परवानगी मात्र आधी घ्यायची.

भाषांतरकारांची उलटतपासणी

प्रोझ डॉट कॉम ही १९९९ पासूनची भाषांतरकारांची साइट. मराठीचे भाषांतरकारही तिथे आहेत. दुसऱ्याचा अडलेला शब्द सोडवून दिला की गुण मिळतात, म्हणजे मदत करता करता तुमची पत आपोआप तयार होते. आणि तिथला ब्लू बोर्ड तर फारच उपयोगाचा! त्यावर भाषांतरकार काम देणाऱ्या एजन्सीला १ ते ५ गुण देतात: यांच्यासाठी पुन्हा काम कराल का? काम घेण्याआधी समोरच्याची पतही तपासायची असते, ही सवय प्रत्येक फ्रीलान्सरने लावून घ्यावी.

शेवटी एक विनंती, काम देणाऱ्यांना. तुमच्या वेबसाइटचं, पुस्तकाच्या मुखपृष्ठाचं, व्हिडिओच्या एडिटिंगचं काम एखाद्या नव्या मुलाने किंवा मुलीने नीट करून दिलं असेल, तर नुसते तारे देऊन थांबू नका. काय केलं, कसं केलं, वेळ पाळली का, हे तीन-चार ओळींत त्यांच्या प्रोफाइलवर लिहा. आजच लिहा.