मधेच बंद पडणारी मोटार

मंडळी, आपल्या भागात अजून काही जुन्या मोटारी धावताना दिसतात. कोणाची ॲम्बॅसडर असते, तर कोणाची फियाट. ॲम्बॅसडर 1957 पासून 2014 पर्यंत कलकत्त्याजवळ उत्तरपाडा गावी तयार होत असे. फियाटला पुढे प्रीमियर पद्मिनी असे नाव मिळाले. ती मुंबईला कुर्ल्याच्या कारखान्यात बनत असे. ज्या कंपनीचा हा कारखाना, ती सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली काढली. आता या दोन्ही गाड्या बनत नाहीत. म्हणून ज्याच्याकडे आहे, त्याने ती समजून घेऊनच चालवली पाहिजे.

या गाड्यांना एक वाईट खोड लागते. समजा, तुम्ही मुक्ताईनगरहून जळगावला निघालात. वरणगावपर्यंत गाडी छान चालली. मग ती झटके खाऊ लागली. ॲक्सिलेटर दाबला, तरी जोर येईना. भुसावळच्या अलीकडे ती बंदच पडली. अर्ध्या तासाने किल्ली फिरवली, तर लगेच सुरू! दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे नेली, तर गाडी ठणठणीत. त्याला काहीच दोष दिसेना.

हे दुखणे हिवतापासारखे आहे. ताप उतरल्यावर वैद्याकडे गेले, तर वैद्य तरी काय पाहणार? मग मिस्त्री अंदाजाने काम करतो. आज प्लग बदला, उद्या कॉइल बदला, परवा पंप बदला. पैसे जातात आणि गाडी पुन्हा तिथेच उभी राहते. कोणी म्हणते, गाडीला नजर लागली. मग लिंबू-मिरची बांधतात. पण मोटार हे यंत्र आहे. ती कारणाशिवाय बंद पडत नाही.

मोटारीला काय लागते?

चूल पेटायला तीन गोष्टी लागतात. सरपण, वारा आणि ठिणगी. पेट्रोलच्या इंजिनालाही तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल हे सरपण. हवा हा वारा. आणि प्लगमधला करंट ही ठिणगी. यातले एक जरी कमी पडले, तरी गाडीचा जोर जातो.

तेव्हा पहिला प्रश्न हाच. पेट्रोल कमी पडते, की करंट तुटतो, की हवा अडते? भाग बदलण्याआधी एवढे कळले, तर निम्मे काम झाले.

1888 सालची गोष्ट ऐका. जर्मनी देशात कार्ल बेंझ नावाच्या माणसाने मोटार बनवली होती. त्याची बायको बर्था ही दोन मुलांना घेऊन त्या मोटारीने माहेरी निघाली. वाट सुमारे 100 किलोमीटरची होती. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली. बर्थाने टोपीला लावायची लांब टाचणी काढली आणि नळी मोकळी केली. पुढे करंटची तार घासून उघडी पडली. तिने मोज्याचा पट्टा काढून तारेला गुंडाळला. त्या वेळी वाटेत एकही मिस्त्री नव्हता. बिघाड पेट्रोलचा की करंटचा, हे बाईने पाहिले आणि तेवढेच दुरुस्त केले. आजही रीत हीच आहे.

बंद पडते कशी, ते पाहा

फुंकर मारल्यावर दिवा विझतो, तशी गाडी एकदम बंद पडली, तर बहुधा करंट तुटलेला असतो. तेल संपत आले की दिवा मिणमिणत विझतो. तशी गाडी झटके खात, जोर सोडत बंद पडली, तर बहुधा पेट्रोल कमी पडते. ही खूण नेहमीच बरोबर येते असे नाही. पण शोध कोठून सुरू करायचा, हे तिच्यावरून कळते.

पेट्रोल कोठे अडते?

पहिले, टाकीचे झाकण. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले, तर तेल नीट पडत नाही. दुसरे भोक पाडले की आत हवा जाते आणि धार लागते. पेट्रोलच्या टाकीतही हवा आत जायला वाट असते. पुष्कळ जुन्या गाड्यांत ती झाकणातच असते. ती मातीने बुजली, तर थोडे अंतर जाऊन पेट्रोल अडते. अशा वेळी झाकण उघडा. आत हवा शिरल्याचा मोठा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाची वाट साफ करा. ही तपासणी फुकटची आहे. म्हणून ती आधी करावी.

दुसरे, कचरा. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत गाळ बसतो आणि झाडाला पाणी कमी मिळते. गाडीतही तसेच होते. टाकीतला गंज आणि गाळ फिल्टरमध्ये येतो. कार्बोरेटरच्या बारीक भोकात, म्हणजे जेटमध्ये अडकतो. मग सपाटीला हळू चालवताना गाडी बरी चालते. चढ आला किंवा वेग वाढवला की पेट्रोल जास्त लागते, आणि तिथे ती दम सोडते.

तिसरे, ऊन. खानदेशचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पारा 45 अंशांवर जातो. इंजिनाजवळच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते. पंप पेट्रोल ढकलतो, वाफ त्याला ढकलत नाही. म्हणून जुने चालक पंपावर ओले फडके ठेवतात. तो उपाय खरा आहे. फक्त पाणी करंटच्या तारांवर पडू देऊ नये.

आणखी एक गोष्ट. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि पंपातला रबरी पडदा यांना ते सोसेलच असे नाही. नळीला चिरा पडल्या किंवा ती मऊ झाली, तर लगेच बदला. नळी गळणे म्हणजे आगीला बोलावणे.

करंट कोठे तुटतो?

खड्ड्यात आदळल्यावर गाडी बंद पडते का? त्याच वेळी समोरचे लाल दिवेही जातात का? मग बॅटरीची टोके आणि किल्लीमागच्या तारा पाहा. बहुतेक वेळा टोक सैल असते, नाहीतर त्यावर पांढरा क्षार चढलेला असतो.

गाडी तापल्यावरच बंद पडत असेल, तर कॉइल किंवा कंडेन्सर तपासावा. हे भाग गरम झाले की करंट सोडतात आणि गार झाले की पुन्हा देतात. डिस्ट्रिब्युटरमधले सीबी पॉइंट जळले असले, तरी गाडी मिसिंग मारते.

इथे एक फसगत होते, ती लक्षात ठेवा. पेट्रोलची वाफ झाली तरी गाडी गार झाल्यावर सुरू होते. कॉइल बिघडली तरी गार झाल्यावर सुरू होते. खूण दोघांची एकच. म्हणून गाडी बंद पडली त्याच वेळी करंट पाहिला पाहिजे. एक जादा प्लग जवळ ठेवावा. तो तारेला लावून त्याचे लोखंड इंजिनाच्या लोखंडाला टेकवावे. तार हातात धरू नये. दुसऱ्याने किल्ली फिरवावी. निळी ठिणगी कडकडून पडली, तर करंट आहे, पेट्रोल पाहा. ठिणगी पडलीच नाही, तर करंट पाहा. मात्र पेट्रोल सांडले असेल किंवा त्याचा वास येत असेल, तर ही तपासणी मुळीच करू नका. विडी-काडी तर दूरच ठेवा.

हवेचे काय?

हवेचा फिल्टर धुळीने भरला, तर गाडीला नेहमीच जोर कमी असतो आणि मागून काळा धूर येतो. हा दोष येतो-जातो असा नसतो. म्हणून तो ओळखणे सोपे.

वही ठेवा

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. येणारा-जाणारा दोष मिस्त्रीच्या डोळ्यांना सापडत नाही. तो तुमच्या वहीत सापडतो. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्याचा उपयोग इथे करा. चार आण्यांची वही आता मिळत नाही, पण जुन्या कॅलेंडरची पाठ कोरी असते. गाडी बंद पडली की एवढे लिहा:

तारीख आणि वेळ. निघाल्यापासून किती किलोमीटर झाले. ऊन होते की पाऊस. चढ होता, खड्डा होता, की सपाटी. टाकीत पेट्रोल किती होते. एकदम बंद पडली की झटके खात. ठिणगी होती की नव्हती. किती मिनिटांनी सुरू झाली.

चार-पाच वेळा लिहिले की पाहा. समजा, दर वेळी दुपार आहे, झटके आहेत आणि ठिणगीही आहे, तर वाफेचा संशय घ्या. टाकी तळाला गेली की झटके येतात असे दिसले, तर टाकीतल्या गाळाचा संशय घ्या. तो कागद मिस्त्रीला वाचून दाखवा. चांगला मिस्त्री खूश होईल. नुसते अंदाजाने भाग बदलणाऱ्यालाही तुमच्यासमोर जपून बोलावे लागेल.

जिवाची काळजी आधी

गाडी झटके खाऊ लागली की लगेच डाव्या कडेला घ्या. हा सुरतेहून कलकत्त्याला जाणारा मोठा रस्ता आहे. रात्रंदिवस ट्रक धावतात. माणसांना उतरवून रस्त्यापासून लांब उभे करा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, वाफेने तोंड भाजते. रेल्वेच्या रुळांवर गाडी बंद पडली, तर आधी माणसे बाहेर काढा आणि फाटकवाल्याला कळवा.

आणि ज्या गाडीचा दोष अजून सापडला नाही, तिच्यात आजारी माणूस किंवा अडलेली बाई घालून जळगावची वाट धरू नका. 108 नंबर लावा, नाहीतर दुसरी गाडी बघा. वही पुरी होऊन दोष सापडेपर्यंत जुनी मोटार गावाजवळच्या कामालाच ठेवावी.