आधी तारीख मोठ्यानं सांगा

शुक्रवारची दुपारची नमाज सुटली की तासाभरात पहिला व्हिडिओ यायचा. सीरियातली घड्याळं उन्हाळ्यात लंडनच्या दोन तास पुढे. आमच्याकडे तेव्हा जेवणाची वेळ होत आलेली असायची आणि कँटीनला निघालेली मंडळी पुन्हा खाली बसायची. व्हिडिओ तीस-चाळीस सेकंदांचा, मोबाइल आडवा धरावा की उभा हे ठरवायलाही सवड न मिळालेला. आधी रस्ता, मग पळणारे पाय, मग कोरडे फटफट आवाज, आणि कुणीतरी एकच वाक्य पुन्हापुन्हा ओरडतंय. खाली दोन शब्दांची ओळ: अमुक गाव, इतके ठार.

2011 साली एका वृत्तसंस्थेच्या डेस्कवर माझं काम होतं ते हे की अशा व्हिडिओंतलं, फोनवरच्या आवाजांतलं आणि घाईत टाइप केलेल्या निरोपांतलं काय पुढे सोडायचं आणि काय अडवून धरायचं. परदेशी पत्रकारांना सीरियात जवळजवळ प्रवेशच नव्हता. दराआ शहरात शाळकरी पोरांनी भिंतीवर सरकारविरोधी घोषणा लिहिल्या, त्यांना उचललं, 18 मार्चला निदर्शकांवर गोळ्या झाडल्या. तिथून पुढे गावोगाव जे पेटत गेलं ते बाहेर कळायचं ते तिथलाच कुणी सांगेल तेवढंच. सरकारी वाहिनीही सांगत होती, की गोळ्या ‘सशस्त्र टोळ्या’ झाडत आहेत. दोन्ही दावे तसे अपुष्टच. पण म्हणून दोघांकडे सारखाच पुरावा मागायचा, हे मला कधी पटलं नाही. ज्यानं कॅमेरे देशाबाहेर ठेवले त्यानंच ‘पुष्टी नाही’ या सबबीचा फायदा उपटायचा, हा कुठला न्याय?

वरिष्ठ विचारायचे, “माणूस विश्वासाचा आहे का?” प्रश्न योग्य वाटतो, पण त्यानं काम पुढे सरकत नाही. अगदी सरळ माणूस तीन वाक्यं बोलतो. पहिलं त्यानं पाहिलेलं असतं, दुसरं शेजाऱ्यानं सांगितलेलं असतं आणि तिसरा त्यानं लावलेला अर्थ असतो. तिन्ही तो एकाच दमात, एकाच आवाजात सांगतो, कारण त्याच्या लेखी ती एकच गोष्ट असते. कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर, असं आपल्याकडे म्हणतात. आमची नोकरी ती चार बोटं मोजण्याची होती. संशय घ्यायचा तो वाक्यावर, माणसावर नाही. एकदा हे स्वतःशी पक्कं केलं की फोनवरचा स्वरही बदलतो. समोरच्याला आपली उलटतपासणी चालली आहे असं वाटत नाही.

दराआ जॉर्डनच्या सीमेला लागून आहे. सरकारनं फोन तोडले तरी सीमेजवळच्या घरांत जॉर्डनचं सिमकार्ड चालायचं. असे फोन घ्यायला माझ्या शेजारी सीरियातल्याच होम्स शहराचा एक सहकारी बसायचा, माझ्याहून बराच मोठा. तो पलीकडच्याला ‘भाऊ’ म्हणून हाक मारायचा आणि आधी घरच्यांची चौकशी करायचा. मला सुरुवातीला त्याचा राग यायचा. इकडे बातमी तुंबली आहे आणि हा आईची तब्येत विचारतोय! पुढे लक्षात आलं, की त्या दोन मिनिटांत तो उच्चार ऐकत असायचा. दराआच्या हौरान पठारावरची बोली, होम्सचा हेल, किनारपट्टीवरच्या डोंगराळ गावांतला घशातून येणारा ठसठशीत ‘क़ाफ’. दराआतून बोलतोय म्हणणारा माणूस दराआचाच वाटतो की नाही, हे त्याला बातमीच्या आधीच कळलेलं असायचं.

मग संभाषण साधारण असं चालायचं.

“बारा जण गेले, भाऊ.”

“अल्ला त्यांना शांती देवो. तुम्ही कुठे होतात?”

“घरात. वरच्या मजल्यावर.”

“खिडकीतून तुम्हाला किती दिसले?”

इथे पलीकडे थोडा वेळ काही ऐकू यायचं नाही. “दोन. एक आमच्या गल्लीतला होता.”

“आणि बारा कोण म्हणालं?”

“मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं.”

आमच्या बातमीत मग दोन वाक्यं यायची. एका रहिवाशानं घराच्या खिडकीतून दोन मृतदेह पाहिले. मशिदीतून बारा मृत्यूंची घोषणा झाल्याचं त्यानं सांगितलं. वाचायला बोजड, मथळ्याला निरुपयोगी. बाराचा मथळा करणाऱ्या वाहिन्या आमच्या पुढे असायच्या आणि त्यावरून आमची हजेरी घेतली जायची. पण पुढे आकडा नऊ निघाला किंवा चौदा निघाला, तरी आमची दोन्ही वाक्यं जिथल्या तिथे उभी राहायची.

खिडकीबद्दल विचारताना एक पथ्य होतं. समोर काय दिसतं ते विचारायचं, पण ते छापायचं नाही. ‘बेकरीसमोरच्या तिसऱ्या मजल्यावरून’ एवढं छापलं की गुप्तचर खात्याचं निम्मं काम आपणच करून ठेवतो.

व्हिडिओचं काम वेगळं, आणि खरं सांगायचं तर मला ते जास्त आवडायचं. आवाज बंद करून एकदा बघायचा, मग चित्र झाकून नुसता ऐकायचा. मिनार एक की दोन, चौकोनी की गोल. दुकानाच्या पाटीवरचा फोन नंबर कुठल्या शहराचा. टॅक्सीचा रंग, गाडीची नंबरप्लेट. होम्सची खालिद इब्न अल-वलीद मशीद तिच्या चंदेरी घुमटांमुळे आणि दोन उंच मिनारांमुळे लगेच ओळखू यायची. हमा शहराचा आसी चौक तिथल्या घड्याळाच्या मनोऱ्यावरून सापडायचा. लहान गावात मात्र एखादी पाण्याची टाकी आणि विजेच्या खांबांची रांग, एवढ्यावरच भागवावं लागे. उपग्रहाच्या चित्रात ती टाकी शोधताना संध्याकाळ व्हायची. मशिदी मक्केकडे तोंड करून असतात आणि मक्का सीरियापासून जवळपास थेट दक्षिणेला आहे. त्यामुळे वरून पाहिलं की मशिदीची इमारत कुठे वळली आहे त्यावरून दिशा कळते, आणि दिशा कळली की सावली बोलायला लागते. दुपारच्या नमाजनंतरची सावली उत्तरेकडे पडायला हवी आणि मग हळूहळू पूर्वेकडे झुकायला हवी. ‘आज दुपारी’ म्हणून आलेल्या व्हिडिओत ती पश्चिमेला पसरलेली असली, तर तो सकाळचा आहे. कुठल्या दिवशीच्या सकाळचा, हा पुढचा प्रश्न.

ही पडताळणी आम्ही लंडनमध्ये बसून शिकलो असं नाही. तिकडची पोरं आमच्याआधी शिकली. काही महिन्यांतच व्हिडिओची सुरुवात बदलली. कुणीतरी कॅमेऱ्यासमोर कागद धरायचं, त्यावर गावाचं नाव आणि तारीख, आणि चित्रण करणारा तेच मोठ्यानं वाचायचा. मागे गोळीबार चालू असताना तारीख वाचणारा तो आवाज ऐकला की हसावं की काय करावं कळायचं नाही. पण त्यात पक्की समज होती. आपलं कुणी ऐकणार नाही असं नाही, आपलं ऐकून लोक ‘हे इराकमधलं आहे’ म्हणतील, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि तसं म्हटलं गेलंही. एप्रिल 2011 मध्ये बनियासजवळच्या अल-बायदा या गावातला एक व्हिडिओ बाहेर आला. गावच्या चौकात पुरुषांना हात मागे बांधून पालथं पाडलंय आणि शस्त्रधारी माणसं त्यांच्या पाठीवरून बूट घालून चालताहेत. सरकारी माध्यमांनी सांगितलं की हे सीरियातलं नाहीच, इराकमधल्या पेशमर्गांचं, म्हणजे कुर्द सैनिकांचं, जुनं चित्रण आहे. आम्हीही चाचपडत होतो. गणवेश धूसर, आवाज तुटक. तेवढ्यात त्याच गावातल्या एका तरुणानं दुसरा व्हिडिओ पाठवला. तो त्याच चौकात उभा होता. चौक कुठला ते त्यानं दाखवलं, मी त्या दिवशी इथेच पडलेलो होतो असं सांगितलं, आणि स्वतःचं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर याहून चांगला पुरावा मिळत नाही. जागा जुळली, माणूस पुढे आला, नावानिशी आला. डेस्कवर सगळे खूश. होम्सचा सहकारी तेवढा खूश नव्हता. “हे कार्ड त्यानं दाखवायला नको होतं,” एवढंच म्हणाला. त्या तरुणाला पुढच्या महिन्यात पकडलं. तो छळात मेल्याची बातमी पसरली, तीही ‘साक्षीदारांच्या’ हवाल्यानं. मग सरकारी वाहिनीनं त्याला जिवंत पडद्यावर आणलं आणि बघा, विरोधक कसे खोटं बोलतात, असं सांगितलं. बुटांच्या व्हिडिओबद्दल मात्र ती वाहिनी काही बोलली नाही.

खातरजमेची किंमत कोण मोजतो, हे या धंद्यात फारसं कुणी बोलत नाही. ‘आणखी पुरावा द्या’ हे वाक्य वातानुकूलित खोलीतून म्हणायला सोपं असतं.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरातली होम्सच्या एका तरुणीची हकिकत मी नव्या मुलांना शिकवताना आजही घेते. ती जुलैमध्ये बेपत्ता झाली होती. तिचा भाऊ आंदोलनात होता. तो कोठडीत मरण पावला आणि घरचे त्याचं प्रेत आणायला गेले, तेव्हा रुग्णालयाच्या शवागारात त्यांना तिचंही प्रेत असल्याचं कळलं. डोकं आणि हात तोडलेले. घरच्यांनी ती आपलीच समजून दफन केली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलसारख्या संघटनेनं ते प्रसिद्ध केलं, ते जगभर गाजलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती मुलगी सरकारी वाहिनीवर जिवंत दिसली, आणि ती तीच असल्याचं नंतर घरच्यांनीही मान्य केलं.

या गोष्टीवरून ‘प्रत्यक्षदर्शींवर विश्वास ठेवू नका’ असा धडा घेणारे खूप भेटले. मला तो उथळ वाटतो. आईनं काय पाहिलं? एका स्त्रीचं छिन्नविच्छिन्न शरीर, सरकारी ताब्यातलं. ते खरं होतं. ते आपल्या मुलीचं आहे हा तिनं लावलेला अर्थ होता, आणि चेहरा नसलेल्या प्रेतासमोर उभ्या आईनं दुसरा कुठला अर्थ लावावा? बातमीतलं पाहिलेलं वाक्य आणि लावलेलं वाक्य वेगळं ठेवलं असतं, तर मुलगी जिवंत सापडल्यावर एक प्रश्न उघडा राहिला असता: मग ते प्रेत कुणाचं? दोन्ही वाक्यं एकत्र शिवली गेली होती, म्हणून एक उसवल्यावर दुसरंही गेलं. ती दुसरी स्त्री कुणाच्याच बातमीत उरली नाही.

यंत्रंही साक्ष देतात आणि तीही नीट ऐकावी लागते. लिबियात 2011 च्या मार्चमध्ये एका उखळी तोफगोळ्यावर तारा दिसला आणि तो इस्रायली असल्याची आवई उठली. जाणकारांनी जुनी लष्करी पुस्तकं धुंडाळली तेव्हा कळलं, की ती पॅराशूटनं खाली येणाऱ्या प्रकाशगोळ्याची खूण आहे. दमास्कसजवळच्या गौता भागावर 21 ऑगस्ट 2013 च्या पहाटे रासायनिक हल्ला झाला, पण यूट्यूबवर कित्येक व्हिडिओंखाली 20 ऑगस्ट ही तारीख होती. झालं, व्हिडिओ आदल्या दिवशीच बनवून ठेवले होते असा गवगवा सुरू. खरं कारण एवढंच, की यूट्यूब तारीख कॅलिफोर्नियाच्या घड्याळानं टाकत असे आणि तिथे तेव्हा आदली दुपार-संध्याकाळ होती. हे समजावून सांगायला एक ओळ लागते. संशय पसरायला तीही लागली नाही.

मोजणीचं काम सगळ्यात रुक्ष आणि माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक. दमास्कसची वकील रझान झैतूने मार्च 2011 पासून भूमिगत राहून मृतांच्या आणि कैद्यांच्या नोंदी ठेवत होती. नाव, जागा, तारीख, आणि कुणी सांगितलं ते. इतरही संघटना आपापल्या याद्या करत होत्या. एकाच माणसाचं नाव तीन याद्यांत तीन प्रकारे लिहिलेलं, कुठे बापाचं नाव जोडलेलं, कुठे टोपणनाव. संयुक्त राष्ट्रांसाठी अशा सात याद्या एकत्र केल्या तेव्हा 1,47,349 नोंदी भरल्या. पूर्ण नाव, तारीख किंवा ठिकाण नसलेल्या नोंदी आधीच बाजूला ठेवलेल्या होत्या. दुहेरी-तिहेरी नोंदी काढल्यावर नोव्हेंबर 2012 अखेरपर्यंतचा आकडा आला 59,648. मानवाधिकार उच्चायुक्त नावी पिल्ले यांनी तो जानेवारी 2013 मध्ये जाहीर केला. सात याद्या म्हणजे सात साक्षीदार नव्हेत, हे इतक्या लख्ख आकड्यांत मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. तरी ज्याचं नावच कुणी कळवलं नाही तो माणूस या आकड्यात नाहीच. वर्षभरानं, जानेवारी 2014 मध्ये, संयुक्त राष्ट्रांनी आकडा अद्ययावत करणं थांबवलं, कारण माहितीची खात्री करणं अशक्य झालं होतं. झैतूनेला त्याआधीच, 9 डिसेंबर 2013 ला, दूमामधून पळवून नेलं होतं. तेही सरकारच्या नव्हे, सरकारविरोधी सशस्त्र गटांच्या ताब्यातल्या भागातून. तिच्याबद्दलही मग अपुष्ट बातम्याच येत राहिल्या.

8 डिसेंबर 2024 ला सीरियाचा राष्ट्राध्यक्ष असद पळाला तेव्हा मी कधीच डेस्क सोडलेला होता, पण सेदनाया तुरुंगाची दारं उघडल्याचे व्हिडिओ बघताना सवयीनं कोपऱ्यातल्या भिंती आणि जिन्यांची संख्या मोजत बसले. दुसऱ्या दिवसापर्यंत बातमी फिरली, की जमिनीखाली आणखी मजले आहेत, तिथे माणसं कोंडलेली आहेत आणि दारं उघडण्याचे आकडे पळून गेलेल्या पहारेकऱ्यांनाच ठाऊक आहेत. सांगणाऱ्यांत कुणी तिथून सुटलेला कैदी होता, कुणी कैद्याचा भाऊ. दमास्कसहून सेदनायाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. ‘व्हाइट हेल्मेट्स’ या बचाव संघटनेच्या पथकांनी भिंती आणि फरशा फोडल्या, वासावर माग काढणारी कुत्री फिरवली, आणि 10 तारखेला खाली काही नसल्याचं जाहीर करून शोध थांबवला. सेदनायाच्या माजी कैद्यांच्या संघटनेनंही तेच सांगितलं होतं. होम्सच्या त्या सहकाऱ्याला मी फोन केला. आता बातमी कुणाला द्यायची नव्हती, तरी त्यानं पहिला प्रश्न जुनाच विचारला: खालचा मजला स्वतः पाहिलेला कुणी बोलला का, की सगळे ऐकलेलंच सांगताहेत?