अर्थाचा धडा

आयुष्यभर मी मुलांना कवितेचा अर्थ सांगत आलो. दुसऱ्या 'अर्था'शी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरताच! २०२४च्या ऑगस्टात मेहुणे एका छोट्या कंपनीच्या नव्या शेअरांची बातमी घेऊन आले. एका अर्जालाच लाखावर रुपये हवे. तेवढे होते, पण कन्येच्या फीसाठी ठेवलेले.

"भावोजी, शेअर लागले की आठवड्यात दुप्पट!"

त्याच महिन्यात दिल्लीच्या एका दुचाकी विकणाऱ्या कंपनीची कथा गाजली. दालने दोन, नोकर आठ. मागितले १२ कोटी, अर्ज आले चार हजार कोटींहून अधिकचे!

सौ.ने शांतपणे विचारले, "दादा, त्यांना पैसा कशाला हवाय? आणि आपल्याला विकायचे झाले, तर घेणार कोण?"

प्रश्न नेमका होता. हे शेअर सुटे विकता येत नाहीत. ठरलेला गठ्ठाच विकावा लागतो, आणि गिऱ्हाईक मोजके. मेहुणे गप्प!

पुढे २०२५ साली 'सेबी'ने किमान अर्ज दोन लाखांच्या वर नेला.

छोटी कंपनी वाईट नव्हे; मोठ्याही कधीकाळी छोट्याच होत्या. पण तिथे घालावा तो बुडाला तरी घर न अडणारा पैसा. हा अर्थ मात्र मला सौ.ने शिकवला!