अक्षरांत उरलेला माणूस

इंग्लंडात एक विरळा आढळणारे आडनाव आहे. कागदावर त्याची बारा रोमन अक्षरे मांडली, तर कोणीही ते ‘चोल्मोंडेली’ असे वाचील. परंतु त्या घराण्यातील माणूस आपले नाव सांगतो ‘चमली’! यात इंग्रजांचा निव्वळ लहरीपणा आहे, असे मात्र समजू नये.

हे मूळचे गावाचे नाव. वायव्य इंग्लंडातील चेशायर परगण्यात हे गाव आजही आहे. जुन्या इंग्रजीत ‘ली’ म्हणजे रानातील मोकळी जागा. तेव्हा या नावाचा अर्थ ‘चेओल्मुंड नावाच्या माणसाची रानातील मोकळी जागा’ असा होतो. नॉर्मन राजा विल्यम याने 1086 साली देशाची जमीनपाहणी करविली, तिच्या दप्तरात ‘काल्मुंडेलेई’ अशी या गावाची नोंद आहे. पुढे गावावरून जमीनदाराचे आडनाव पडले. आपल्याकडे पाटणचा तो पाटणकर, तसाच हा प्रकार.

मग उच्चार का आटला? इंग्रजी बोलण्यात अशा नावांच्या पहिल्या अवयवावर आघात पडतो आणि पुढचे अवयव दुबळे होत जातात. शतकानुशतके बोलता बोलता मधले स्वर-व्यंजन गळाले. दस्तऐवजांतील अक्षरे मात्र टिकली. याच घराण्याच्या एका शाखेने लेखनही आखडते घेतले. लंडनजवळच्या हायगेट येथे 1565 साली शाळा स्थापणारे न्यायाधीश सर रॉजर यांच्या आडनावात मधली ‘न’ आणि ‘ड’ ही अक्षरे दिसत नाहीत.

आपल्या भाषेतही असे घडते. प्राचीन ‘करहाटक’ नगराचे आज ‘कराड’ झाले. त्यातील ‘ह’ मात्र ‘कऱ्हाडकर’ या आडनावात अजून ऐकू येतो.

चेओल्मुंडाविषयी इतिहासाने दुसरे काहीही राखून ठेवलेले नाही. त्याचे घर गेले, भाषाही पालटली. उरली ती केवळ एका आडनावातील काही अनुच्चारित अक्षरे. म्हणून दप्तरात कोणाचे आडनाव नोंदविताना, सोयीसाठी त्यातील एखादे अक्षर गाळण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबवावी. आपल्याला निरुपयोगी वाटणारे ते अक्षर एखाद्या विस्मृत पूर्वजाची शेवटची खूण असू शकेल.