तराजूचा काटा आणि खोटी साक्ष

सांगलीच्या बाजारातील हळदीचा सौदा असो वा साताऱ्याच्या पेठेतील किराणा दुकान, व्यापाऱ्याची पत त्याच्या चोख मापावर ठरते. मात्र माप चोख ठेवण्यामागचा हेतू कोणता, हेही नीतिशास्त्र विचारते. जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट यांनी १७८५ सालच्या ग्रंथात दुकानदाराचेच उदाहरण घेतले आहे. अजाण बालकालाही तो वाजवी भावाने माल देतो. पण केवळ स्वतःच्या लाभासाठी देत असेल, तर कृती उचित असूनही तिला नैतिक मोल नाही. कांट कर्तव्य पाहतात. जॉन स्टुअर्ट मिल कृतीची पारख तिच्यातून सर्वांचे सुख किती वाढते यावरून करतात. ॲरिस्टॉटल सत्कृत्यांच्या सरावाने घडणाऱ्या शीलाला महत्त्व देतात.

या तिन्ही कसोट्या लावून पाहाव्यात असा प्रसंग कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या चरित्रात आहे. कुंभोज येथे १८८७ साली जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटले. त्या बोर्डिंगचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे होते. पुढे १९१४ साली कोल्हापुरातील डांबर प्रकरणात याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. त्यांनी छळ सोसला. साक्ष दिली नाही.

खोटे बोलले असते, तर स्वतःची सुटका झाली असती आणि जुना वचपाही निघाला असता. परंतु कर्तव्य लाभाकडे पाहत नाही. परिणामांचा हिशेबही स्वतःपुरता मांडायचा नसतो. निरपराध्याचा नाश आणि न्यायावरील उडालेला विश्वास त्यात खर्ची पडतोच. शील पाहिले, तर स्नानास नकार देणारा विद्यार्थी आणि साक्षीस नकार देणारा तरुण एकच होता.

तत्त्वार्थसूत्रात खोटा लेख करणे व ठेव बुडवणे हे सत्याणुव्रताचे, तर खोटे माप व भेसळ हे अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगितले आहेत. गृहस्थाच्या व्रताची परीक्षा पेढीवर होते, हे आचार्यांनी जाणले होते. कर्तव्य, परिणाम व शील या एकाच आचरणाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आहेत, असे अनेकान्ताच्या आधारे म्हणता येईल. पण अनेकान्त म्हणजे सोयीची बाजू निवडण्याची मुभा नव्हे. गैरसोयीची बाजूही पाहण्याचे ते बंधन आहे.

१९१९ साली काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले.

वहीपूजनाच्या दिवशी आपण पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहितो. त्यात शुभ आधी आणि लाभ नंतर येतो. वर्षभराच्या व्यवहारात हा क्रम टिकला की नाही, हे ज्याचे त्याने आपल्या वहीत पाहावे.