मोटार घरची, नाव कोणाचे?



घर, शेत आणि दागिने यांच्या वाटणीचा विचार आपल्या कुटुंबांत पुष्कळ होतो; मोटारीचा मात्र सहसा होत नाही. वडिलांस गाडी चालविणे कठीण वाटू लागले की किल्ली मुलाच्या हाती येते. थोरला भाऊ बदली होऊन पुण्यास जातो आणि त्याची मोटार धाकट्याकडे उमरीस राहते. घरच्या घरात कागद कशाला, अशी आपली समजूत असते. परंतु किल्ली कोणाच्या हाती आहे हे कायदा पाहत नाही. नोंदणीत नाव कोणाचे आहे, हे तो पाहतो. आज याच गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्याच्या नावे वाहन नोंदलेले असते, तोच सामान्यतः त्याचा मालक समजला जातो. याचा परिणाम केवढा होतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ सालच्या एका निर्णयावरून दिसून येते. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अशा अनेक हातांत गेली होती, पण नोंदणीत नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. २००९ मध्ये अपघात होऊन त्यात एकाचा प्राण गेला. मोटार आपण पूर्वीच विकली, असे त्या मालकाचे म्हणणे होते. तरीही भरपाईचे दायित्व त्याच्यावरच आले. विकलेल्या मोटारीचे जर असे, तर प्रेमाने दिलेल्या मोटारीचे निराळे कसे होईल? मुलाच्या हातून अपघात झाला, तर दावा वृद्ध पित्याच्या दारी येऊ शकतो.

नाव बदलण्याची रीत अवघड नाही. देणाऱ्याने नमुना २९ आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनी मिळून नमुना ३० भरावयाचा. राज्यातल्या राज्यात मोटार दिली असल्यास देणाऱ्याने १४ दिवसांत कळवावयाचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. आपल्या भागाचे काम नांदेडच्या परिवहन कार्यालयाकडे आहे. एमएच-२६ हे त्याचेच चिन्ह होय. मोटारीवर बँकेचे कर्ज असेल, तर अगोदर बँकेची संमती घ्यावी. कर्ज फिटले असल्यास नमुना ३५ देऊन बोजा उतरवून घ्यावा.

विम्याकडे दुर्लक्ष करू नये. मालकी बदलली की परक्या माणसाच्या नुकसानीचा विमा कायद्याने नव्या मालकाकडे जातो. तरी १४ दिवसांत विमा कंपनीस कळविणे आवश्यक असते. स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीचा विमा मात्र असा आपोआप जात नाही. तो नव्या नावावर करून घ्यावा लागतो.

आता कराविषयी. आपल्या शेजारच्या वऱ्हाडासह मध्यप्रांतात १९३८ साली मोटारीच्या तेलाच्या विक्रीवर कर बसला आणि पुढल्याच वर्षी मद्रास प्रांताने सर्वसामान्य विक्रीकर सुरू केला. महाराष्ट्रात विक्रीकराची जागा २००५ साली मूल्यवर्धित कराने घेतली, आणि १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवर वस्तू व सेवा कर आला. हा कर मुख्यतः व्यापाराच्या ओघात होणाऱ्या व्यवहारांवर आहे. म्हणून पित्याने स्वतःच्या वापरातील मोटार पुत्रास दिली, किंवा किंमत घेऊन भावास विकली, तरी तो द्यावा लागत नाही. जुन्या मोटारींचा नोंदणीकृत व्यापारी मात्र आपल्या खरेदी-विक्रीच्या फरकावर हा कर भरतो. मोटार आडत-दुकानाच्या किंवा पेढीच्या नावे असेल, तर ती व्यवसायाची मालमत्ता ठरते. तेथे घरचा न्याय लावू नये, हिशेबनीसास विचारूनच पुढे जावे.

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांस निराळा अनुभव येतो. अमेरिकेतील टेक्सास राज्यात मोटारीच्या विक्रीवर कर आहे. परंतु पित्याने पुत्रास ती बक्षीस दिली, तर प्रतिज्ञापत्र देऊन केवळ १० डॉलर भरावे लागतात. तिकडे नात्याचा पुरावा देऊन सवलत घ्यावयाची. इकडे खाजगी देण्याघेण्यावर तसा करच नाही.

मात्र आपल्याकडे वाहनावरचा राज्याचा कर निराळा आहे. महाराष्ट्रात मोटार नोंदविताना तो एकरकमी भरलेला असतो, आणि जिल्ह्यातल्या जिल्ह्यात पित्याची मोटार पुत्राच्या नावे झाली, तर तो पुन्हा पडत नाही. हस्तांतरणाचे शुल्क तेवढे पडते. परंतु उमरीच्या कित्येक घरांचे सोयरे धर्माबादेपलीकडे, निजामाबादेकडे आहेत. रेल्वेने हा प्रवास थोडक्या वेळाचा असला, तरी मध्ये राज्याची सीमा आहे. तेलंगणातील मामाने भाच्यास मोटार दिली, तर तिकडून नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र आणावे लागते, येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि मोटारीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडे भरलेल्या करातील उरलेला भाग तेथील नियमांप्रमाणे परत मागावयाचा असतो. ही मोटार फुकट मिळाली असे म्हणण्यापूर्वी या कराचा हिशेब करावा, हे उत्तम.

आणखी एक प्रसंग अप्रिय आहे, पण टाळता येत नाही. मालक निवर्तल्यास मोटार ज्याच्या ताब्यात येते, त्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळविले, तर ती तीन महिने वापरता येते. त्या मुदतीत मृत्यूच्या दाखल्यासह नमुना ३१ देऊन नाव बदलून घ्यावयाचे. इतर वारसांची संमती येथे लागते, आणि भावाभावांत अबोला असेल तर मोटार दारात गंजत उभी राहते. २०२१ पासून मालकास आपल्या हयातीतच नोंदणीत नामनिर्देशन करण्याची सोय झाली आहे. त्याने वारसाहक्काचा वाद मिटेलच असे नाही, परंतु नोंदणीचा मार्ग सुकर होतो.

तात्पर्य, आपल्या घरातील मोटारीचे आरसी बुक एकवार काढून पाहावे. त्यावर नाव कोणाचे, बोजा आहे की उतरला, विमा कोणाच्या नावे, आणि नामनिर्देशन झाले आहे काय, एवढ्या चार गोष्टी तपासाव्यात. मुलास मोटार द्यावयाची असेल, तर किल्लीबरोबर नावही द्यावे. त्यात अविश्वास मुळीच नाही; उलट आपल्या पश्चात आणि आपल्या वार्धक्यात घरच्या माणसांस कचेरीचे खेटे पडू नयेत, याची ती काळजी आहे.