१०,००१ पौंडांची सीमारेषा

अमेरिकेतील सुतार, प्लंबर, रंगारी किंवा बागा राखणारा स्वतंत्र व्यावसायिक यांचा सारा कारखाना बहुधा एका व्हॅनमध्ये सामावलेला असतो. आणि काम वाढले, यंत्रे वाढली, की त्या व्हॅनच्या मागे एक ट्रेलर येऊन जोडला जातो. आपण लाकूड रंधतो, नळ बसवतो, लोकांचा माल वाहून नेण्याचा धंदा करीत नाही, अशी या माणसाची प्रामाणिक समजूत असते. परंतु ज्या क्षणी ट्रेलर व्हॅनला जोडला जातो, त्या क्षणी तो संघराज्याच्या कायद्याच्या दृष्टीने ‘वाहतूकदार’ ठरण्याचा संभव असतो, आणि ही गोष्ट त्याला पुष्कळदा रस्त्याच्या कडेला तपासणी अधिकाऱ्यासमोर उभे राहिल्यावरच कळते.

अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्याराज्यांमधील व्यापाराचे नियमन केंद्रीय विधिमंडळाकडे सोपविले आहे. त्या अधिकाराच्या आधारे १९३५ साली मोटारवाहतुकीचा कायदा झाला, १९८४ च्या कायद्याने सुरक्षिततेच्या नियमांना नवे अधिष्ठान दिले, आणि २००० सालापासून त्यांची अंमलबजावणी फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या खात्याकडे आली. या नियमांतील मुख्य सीमारेषा १०,००१ पौंडांची, म्हणजे सुमारे ४,५३६ किलोंची आहे. धंद्याच्या कामासाठी राज्याची सरहद्द ओलांडणारे वाहन, किंवा वाहनांची जोडी, या वजनाला पोहोचली की ती व्यापारी वाहन गणली जाते. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथून डेलावेअर नदीचा पूल ओलांडून पेनसिल्व्हेनियात कामाला जाणाऱ्या कारागिराचा प्रवास काही मैलांचाच असला, तरी तो राज्याराज्यांमधील व्यापारच होय. एकाच राज्याच्या हद्दीत राहणाऱ्यास त्या राज्याचे नियम लागू होतात, आणि ते सर्वत्र सारखे नाहीत.

हे वजन मोजावयाचे कसे, यातच सर्वांत मोठी मेख आहे. कायदा प्रत्यक्ष वजनाबरोबरच वाहनाची क्षमताही विचारात घेतो. निर्मात्याने भारासह ठरविलेले कमाल वजन व्हॅनच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर आणि ट्रेलरच्या सांगाड्यावरील पत्र्यावर छापलेले असते. समजा, व्हॅनची क्षमता ९,००० पौंड आणि ट्रेलरची ३,५०० पौंड आहे. तर बेरीज १२,५०० होते, आणि ट्रेलर त्या दिवशी रिकामा असला तरी ती बदलत नाही. उलट, क्षमतेपेक्षा अधिक भार लादला असेल, तर प्रत्यक्ष वजन धरले जाते. या दोहोंत जे अधिक, तेच ग्राह्य. म्हणून एकटी धावणारी व्हॅन सोमवारी या नियमांच्या बाहेर असते, आणि मंगळवारी ट्रेलर जोडताच तीच व्हॅन त्यांच्या कक्षेत येते.

येथे आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. व्यापारी वाहनचालकाचा खास परवाना अशा जोडीला सामान्यतः लागत नाही. त्यासाठी एकत्रित क्षमता २६,००१ पौंडांची आणि ट्रेलरची १०,००० पौंडांहून अधिक असावी लागते. मात्र परवाना नको म्हणजे नियमही नकोत, असा अर्थ काढणे घातक आहे. धंद्याला वाहतूक खात्याचा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि तो मालकाच्या नावासह वाहनाच्या दोन्ही बाजूंवर, दिवसा ५० फुटांवरून वाचता येईल असा, लिहावा लागतो. चालक २१ वर्षांचा असावा आणि त्याच्याजवळ अधिकाधिक दोन वर्षांच्या मुदतीचा वैद्यकीय दाखला असावा. सलग १० तासांच्या विश्रांतीनंतर १४ तासांच्या अवधीत ११ तासांहून अधिक काळ वाहन हाकता येत नाही. आपल्या ठाण्यापासून १५० हवाई मैलांच्या आत काम करून परतणाऱ्यास प्रवासाच्या सविस्तर नोंदवहीतून सवलत मिळते. परंतु कामाच्या वेळांचे दप्तर सहा महिने जपावेच लागते. व्हॅन आणि ट्रेलर या दोघांचीही वार्षिक तपासणी आवश्यक आहे. आणि व्हॅनमध्ये अग्निशामक नळकांडे व धोक्याची सूचना देणारे तीन त्रिकोण असावे लागतात.

या कागदोपत्री नियमांपेक्षा ट्रेलरच्या घडणीविषयीचे नियम मला अधिक मननीय वाटतात, कारण त्यांतून गतिमान जडत्वाविषयीचे सावध ज्ञान प्रकट होते. जोडणी तुटली तर ट्रेलरची दांडी जमिनीवर आपटू नये म्हणून सुरक्षा-साखळ्या हव्यात, आणि त्या वळण्यापुरत्याच सैल असाव्यात. ब्रेकच्या बाबतीत हलक्या ट्रेलरला काही मर्यादेत मुभा आहे. एरवी ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत, आणि तो सुटला तर ते आपोआप लागून निदान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. आतील सामान असे बांधलेले असावे की, पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या आठ-दशांश आणि मागे व बाजूंना निम्म्याइतका जोर ते सोसू शकेल. भार कोठे ठेवावा, हे मात्र चालकाच्या विवेकावर येते. बैलगाडी उलार झाली की जसे जू वर उचलले जाते, तसाच मागे अधिक भार पडलेला ट्रेलर व्हॅनच्या मागल्या चाकांवरील भार हलका करतो आणि वेगात डोलू लागतो. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग जोडणीवर यावा, असा जाणत्यांचा प्रघात आहे.

या नियमांचा बोजा मोठ्या कंपनीपेक्षा लहान माणसाला अधिक जाणवतो, कारण त्याच्या पदरी कारकून नसतो, आणि रात्री हिशेब लिहिणाराही तोच असतो. त्याची ही अडचण खरी आहे, आणि सरकारी खात्यांनी तिची जाण ठेवून नियम सोप्या भाषेत त्याच्यापर्यंत पोहोचविले पाहिजेत. तथापि सुटलेला ट्रेलर समोरून येणाऱ्या कुटुंबाच्या मोटारीवर आदळतो, तेव्हा त्याचा मालक लहान होता की मोठा, याने आघातात तिळमात्र फरक पडत नाही. म्हणून ट्रेलर विकत घेण्यापूर्वीच दोन्ही पट्ट्यांवरील आकडे वाचून त्यांची बेरीज करावी, आणि ती सीमारेषेपलीकडे जात असेल, तर नोंदणी, दाखले आणि ब्रेक यांचा खर्च ट्रेलरच्या किमतीतच धरावा. हा हिशेब दुकानदाराच्या अंगणात करणे स्वस्त पडते. महामार्गावर तोच हिशेब फार महागात जातो, आणि त्याची किंमत पुष्कळदा दुसऱ्यालाच मोजावी लागते.